भिजत घोंगडे आणि लोकरी पायमोजे

सभासमित्यांच्या इतिवृत्तांत आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत 'भिजत घोंगडे' हा शब्दप्रयोग आपण वरचेवर वाचतो. एखादा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळला की त्याचे भिजत घोंगडे पडले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. घोंगडेच का, धोतर किंवा लुगडे का नाही, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर लोकरीच्या गुणधर्मात आहे. धोतर भिजवले तर पिळून, झटकून घटकाभरात दोरीवर जाते. घोंगडे पाणी पिते आणि इतके जड होते की एकट्याने उचलवत नाही. ते पिळता येत नाही, आपटता येत नाही. निथळण्याची वाट पाहावी लागते आणि तेवढा वेळ कोणापाशी नसतो. म्हणून ते भिजत पडते. ज्याने हा शब्दप्रयोग प्रथम केला त्याने लोकरीचे वस्त्र स्वतःच्या हाताने धुतले असले पाहिजे, किंवा धुणाऱ्याच्या शेजारी बसून पाहिले तरी असले पाहिजे.

आम्ही मराठी शिकवतो. वस्त्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही लोकरी पायमोजे घरी कसे धुवावेत या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर प्रस्तुत लेख लिहावासा वाटला, याचे कारण भाषेशी संबंधित आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: धुणे ही एक विद्या आहे, त्या विद्येची शब्दसंपत्ती मराठीत भरपूर आहे, पण तिचे गद्य मराठीने लिहिले नाही. हे गद्य नसल्याची किंमत विद्वानांना मोजावी लागत नाही. ती दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. ती कोणाला, हे पुढे येईलच.

पायमोजेच का निवडले, हेही सांगायला हवे. घोंगडे आता मोजक्या घरांत उरले आहे. धनगरांनी कातरलेल्या लोकरीचे घरोघर काढलेले सूत आणि सनगरांच्या मागावर झालेली विणाई ही परंपरा पश्चिम महाराष्ट्रात अजून तग धरून असली, तरी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी घोंगडीला हात लावलेला नसतो. लोकरी पायमोजे मात्र मध्यमवर्गीय घरांत नव्याने आले आहेत. हिमालयात पदभ्रमणाला जाणारी मुले ते घेतात. मुलगी जर्मनीत किंवा कॅनडात शिकायला जाते तेव्हा तिच्या पेटीत चार जोड जातात, आणि ती सुट्टीला परतताना आजीसाठी दोन जोड आणते. हिमाचलातील लाहौलचे हातविणीचे मोजे प्रसिद्ध असून त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मनालीला जाऊन आलेले लोक ते हौसेने विकत आणतात. हे मोजे पहिल्या दोन-तीन धुण्यांत आखडतात, जाड होतात, आणि शेवटी शेजारच्या लहान मुलाच्याच पायात बसतील एवढे होतात. मग लोकर 'टिकत नाही' असा निष्कर्ष काढला जातो.

या ठिकाणी एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा पुष्कळसा माल लोकर नसतो. विणकामाच्या दुकानातील रंगीबेरंगी गुंडे बहुतांशी अॅक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या कृत्रिम धाग्याचे असतात. मराठीत 'लोकर' हा शब्द मेंढीपासून सुटला आणि 'विणायचा जाड, मऊ धागा' एवढ्या अर्थाला चिकटला. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून वर्गात हे चांगलेच आहे; पण धुताना त्याने गोंधळ होतो. अॅक्रिलिकचा मोजा कसाही धुतला तरी आखडत नाही, म्हणून तोच अनुभव घेऊन माणूस खऱ्या लोकरीकडे वळतो आणि फसतो. संशय असल्यास टोकाचा एक धागा तोडून चिमट्यात धरावा व जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझू लागते आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. पायमोज्यांच्या बाबतीत पुष्कळदा दोहोंचे मिश्रण असते; टाच आणि चवडा लवकर झिजू नयेत म्हणून लोकरीत नायलॉन मिसळलेले असते. अशा मोज्यालाही लोकरीचेच नियम लावावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मराठीतील धुण्याची क्रियापदे एकदा क्रमाने आठवून पाहावीत: भिजवणे, बुचकळणे, चुबकणे, चोळणे, घासणे, धोपटणे, आपटणे, खळबळणे, पिळणे, झटकणे, निथळणे, वाळत घालणे. एवढी नेमकी क्रियापदे असलेली भाषा या कामाला तुच्छ मानत नव्हती, हे उघड आहे. पण या यादीकडे थोडे निरखून पाहिले तर तिच्यात दोन कुळे दिसतात. चोळणे, घासणे, धोपटणे, आपटणे, पिळणे ही दगडावरची क्रियापदे आहेत. बुचकळणे, चुबकणे, निथळणे ही पाण्यातली आहेत. पहिले कूळ सुताचे आहे. महाराष्ट्र हा कापसाचा प्रदेश. आपले धोतर, लुगडे, पंचा, पासोडी सुताची. आणि सुताचा एक विलक्षण गुण असा की ओले झाल्यावर कापसाचा तंतू दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो. दगडावर आपटलेले धोतर वर्षानुवर्षे टिकते ते यामुळेच. परिटाने कापड आपटले यात अडाणीपणा नव्हता. कापसाचा स्वभाव ओळखूनच ती रीत रूढ झाली होती.

लोकरीचा स्वभाव नेमका उलट आहे. ती ओली झाली की तिचे बळ कमी होते. लोकर हा वनस्पतीचा तंतू नव्हे, तो प्राण्याचा केस आहे. आपल्या केसांत आणि नखांत असते तेच केराटिन नावाचे प्रथिन तिच्यात असते. सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा केस पाहिला तर त्याच्यावर एकावर एक चढलेले बारीक खवले दिसतात, घराच्या छपरावर कौले बसवावीत तसे. सर्व खवल्यांची तोंडे टोकाकडे असतात. त्यामुळे असा केस दुसऱ्या केसाशेजारून एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडकतो. लोकर ओली व उबदार करून चोळली की प्रत्येक केस थोडा थोडा पुढे सरकतो आणि तेथेच अडकून बसतो. मागे येऊ शकत नाही. असे हजारो केस एकमेकांत गुंतले की कापड आखडते आणि दाट होते. नमदा याच गुणामुळे तयार होतो. मोज्याच्या बाबतीत तो नको असलेला नमदा ठरतो. आणि एकदा झालेली ही गुंतागुंत पुन्हा सोडवता येत नाही. ओला मोजा ताणून तो थोडाफार आकारात आणता येतो, पण गमावलेली वीण परत मिळत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. लोकर 'गरम पाण्याने आटते' असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. उष्णता मदत करते, साबणाचा निसरडेपणा मदत करतो, पण खरे काम चोळण्याचे आणि घुसळण्याचे असते. मोजा थंड पाण्यात भिजवून दगडावर घासला तरी तो आखडेल; कोमट पाण्यात हळूच दाबून काढला तर आखडणार नाही. म्हणजे प्रश्न केवळ तापमानाचा नाही, क्रियापदाचा आहे. सुताच्या क्रियापदांनी लोकर धुतली की ती बिघडते.

दुसरा प्रश्न साबणाचा. धुण्याचा साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी असतात. कापसाला ते मानवतात. प्रथिनाला अल्क मानवत नाही. तीव्र कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात तर लोकर चक्क विरघळून जाते. शिवाय आजच्या अनेक धुण्याच्या पावडरींत प्रथिनांचे डाग पचवणारी विकरे असतात. दूध, रक्त, घाम यांचे डाग ती खातात, हा त्यांचा गुण. पण लोकर हेही प्रथिनच असल्याने ती लोकरीलाही कुरतडतात. क्लोरीनयुक्त विरंजक तर लोकरीच्या आसपासही नेऊ नये. याला पर्याय काय, तर जे केसांना चालते ते लोकरीला चालते. रिठ्याचे पाणी आपल्याकडे रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी पूर्वापार वापरले जाते, ते योग्यच आहे. रिठ्यातील फेस देणारे द्रव्य सौम्य असते आणि ते पाणी अल्कधर्मी नसते. पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची किंचित पिवळट छटा चढू शकते, एवढे लक्षात ठेवावे. रिठा नसेल तर साधा शांपू किंवा लोकरीसाठी म्हणून मिळणारा सौम्य द्रव साबण घ्यावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी दुष्फेन असेल तर साध्या साबणाचा चिकट साका लोकरीत बसून राहतो आणि मोजा राठ होतो. तेथेही रिठा किंवा द्रव साबणच बरा.

मराठीत आपण कपडे धुतो आणि माणसाला न्हाऊ घालतो. आमचे मत असे की लोकरीसाठी दुसरे क्रियापद अधिक योग्य आहे. ज्याने तान्ह्या बाळाला न्हाऊ घातले आहे, त्याला लोकरी मोजा कसा हाताळावा हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तरीही सांगू. सांगता येते की नाही, हाच तर या लेखाचा प्रश्न आहे. मोजे उलटे करावेत, म्हणजे घाम आणि त्वचेचा मळ बाहेर येतो आणि वरच्या बाजूला गोळे कमी येतात. घमेल्यात मोजे बुडतील इतके कोमट पाणी घ्यावे. कोमट म्हणजे सुमारे ३० अंश सेल्सिअस, हात घातल्यावर ना गार ना गरम वाटावे असे. कोकणपट्टीत नळाचे पाणी जसे येते तसेच पुष्कळदा चालते. नाशिकच्या जानेवारीत त्यात थोडे ऊन पाणी मिसळावे. पाण्यात साबण आधी विरघळवून घ्यावा आणि मग मोजे सोडावेत. मोज्यावर साबण घासू नये. दहा मिनिटे ते तसेच राहू द्यावेत. मग तळव्याने हळूच दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. टाचेचा मळ निघत नसेल तर तेथे बोटांनी थोपटावे, चोळू नये. खळबळायचे पाणी धुण्याच्या पाण्याइतकेच कोमट असावे. एकदम ऊन आणि एकदम गार असा धक्का देऊ नये. फेस जाईपर्यंत दोन-तीन पाणी बदलावे. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घातला तर साबणाचा उरलासुरला अल्क निघून जातो. पिळू नये. मोजे मुठीत दाबून पाणी काढावे, मग कोरड्या पंच्यावर पसरून पंचा गुंडाळावा आणि वरून दाबावा. सुती पंचा पाणी शोषून घेतो. नंतर मोजे सुलटे करून, हाताने आकारात आणून सावलीत वारा लागेल असे पसरून ठेवावेत. कडक उन्हाने लोकर पिवळी पडते आणि कमजोर होते. उंच मोजा चिमट्याने काठाला धरून टांगला तर पाण्याच्या वजनाने ताणला जातो, म्हणून आडवा वाळवलेला बरा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या सोवळ्या मनाला पटायला जड जाईल. लोकरी मोजे प्रत्येक वापरानंतर धुण्याची गरज नसते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी आर्द्रता पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि कृत्रिम धाग्यांच्या तुलनेत तिच्यात घामाचा दर्प कमी साठतो. म्हणून पायातून काढलेला मोजा रात्रभर वाऱ्यावर टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा घालता येतो. कमी धुणे हीच लोकरीची पहिली निगा. मात्र हिवाळा संपून मोजे ठेवणीत टाकण्यापूर्वी ते धुतलेच पाहिजेत. कसरीची अळी लोकर खाते, पतंग खात नाही. आणि घामाने, तेलकटपणाने मळलेली लोकर अळीला अधिक आवडते. स्वच्छ, पूर्ण कोरडे मोजे घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवावेत. डांबरगोळ्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते. घरात तान्हे मूल असेल तर त्या वापरूच नयेत. टाचेला छिद्र पडलेच तर ते लहान असतानाच त्याच रंगाच्या लोकरीने रफू करावे. रफू केलेली टाच नव्या टाचेइतकी देखणी नसते, पण एखादा हिवाळा सहज काढते.

हे सर्व लिहायला आम्हाला दोन परिच्छेद लागले. यातला एकही शब्द अवघड नाही, आणि शास्त्रीय म्हणावा असा शब्द एखाददुसराच. मग असा मजकूर मराठीत सहजासहजी का सापडत नाही? मोज्यासोबत जी माहिती येते ती बोटभर पट्टीवर, चित्रलिपीत. पाण्याची टोपली, त्रिकोण, इस्त्री, चौकोन, वर्तुळ ही चिन्हे वापरण्याची पद्धत युरोपात १९६३ साली स्थापन झालेल्या 'जिनेटेक्स' या संस्थेने रुजवली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकात गेली. टोपलीत हात म्हणजे हाताने धुवा. टोपलीखाली एक रेघ म्हणजे यंत्रात सौम्य चक्रावर, दोन रेघा म्हणजे अधिकच सौम्य. त्रिकोणावर फुली म्हणजे विरंजक नको. चौकोनात आडवी रेघ म्हणजे आडवे वाळवा, कोपऱ्यात तिरकी रेघ म्हणजे सावलीत. ज्या मोज्यावर यंत्राची परवानगी असते त्याच्या लोकरीचे खवले आधीच रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले आणि पातळ लेपाने झाकलेले असतात, म्हणून तो सहसा आखडत नाही. चिन्हांची ही लिपी उपयुक्त आहे. ती भाषांच्या सीमा ओलांडते. पण ती फक्त आज्ञा देते, कारण देत नाही. आणि ज्याला कारण ठाऊक नाही, त्याला आज्ञा कोठे शिथिल करावी आणि कोठे नाही, हे कधीच ठरवता येत नाही.

ही पट्टी वाचते कोण? आमच्या पेशातील बहुतेक घरांत धुणे एक तर यंत्रात जाते किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या हातात. मोजा आणणारा, मोजा घालणारा आणि मोजा धुणारी ही तीन वेगळी माणसे असतात. पट्टी पहिल्याने वाचलेली असते, तीही क्वचित. धुणाऱ्या बाईंनी आयुष्यभर जी विद्या कमावली ती सुताची. तिच्यात त्या आपल्यापेक्षा कितीतरी निष्णात असतात. त्यांनी मोजा इतर कपड्यांबरोबर सोड्याच्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला, पिळून वाळत घातला. त्यांच्या विद्येप्रमाणे त्यांनी काम चोख केले. मोजा आखडला, आणि बोल त्यांना लागला. कधी पगारातून पैसेही कापले गेले. 'परदेशी वस्तू होती, नीट धुवायला नको का?' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे ऐकले असेल. नीट म्हणजे कसे, हे त्यांना कोणी, कोणत्या भाषेत सांगितले होते? २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे कायद्याने या कामाला काम म्हटले. या कामात ज्ञान असते, हे मात्र आपल्या भाषाव्यवहाराने अद्याप मान्य केलेले नाही. मराठी धुण्याचे गद्य नसल्याची किंमत कोण मोजते असे आम्ही आरंभी म्हटले, त्याचे उत्तर हे आहे.

स्वयंपाकाशी तुलना केली तर हा अभाव अधिक स्पष्ट होतो. स्वयंपाकही घरातच होतो, तोही बायकांवरच टाकलेला, तोही रोजचा. तरी त्याचे गद्य मराठीत लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' लिहिले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. 'रुचिरा'चे गद्य हे आमच्या मते विसाव्या शतकातील उत्तम मराठी गद्यांपैकी एक आहे. वाक्य लहान, क्रम अचूक, क्रियापद नेमके. परतणे आणि तळणे यांत गल्लत नाही. धुण्याच्या वाट्याला अशी लेखिका आली नाही. त्याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. पदार्थ पानात वाढला जातो, त्याची वाहवा होते. धुतलेला कपडा जसा होता तसा परत मिळतो, एवढेच. शिवाय स्वयंपाक सवर्ण घरात घरच्या बाईकडे राहिला, तर धुणे पुष्कळदा परिटाकडे गेले. लिहिणाऱ्यांच्या घरातून जे काम बाहेर गेले, त्याचे गद्य लिहिण्याची गरज लिहिणाऱ्यांना वाटली नाही, आणि ज्यांच्याकडे ते काम होते त्यांच्या हाती लेखणी दीर्घकाळ पोहोचू दिली गेली नाही. 'परीटघडी' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो; त्या घडीमागचे कसब मात्र परिटाबरोबरच आले आणि गेले.

साहित्यात धुणे नाही असे नाही. घाट, धुणावळी, मळ, डाग, निर्मळपणा ही रूपके आपल्या कवितेला शतकानुशतके पुरली आहेत. वारकरी संतांच्या रूपकरचनांत घोंगडीही येते. पण रूपक झाले की वस्तू मागे पडते. घोंगडी देहाची की अज्ञानाची, याची चर्चा आपण वर्गात तासभर करतो. ती चिंचोक्याच्या खळीने कडक करतात आणि धुतल्यावर ती खळ जाते, हे सांगत नाही. आमचे म्हणणे रूपकाच्या विरुद्ध नाही. वस्तू ठाऊक असेल तर रूपकही अधिक कळते, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. 'भिजत घोंगडे' या शब्दप्रयोगाचे वजन ज्याला ओले घोंगडे उचलावे लागले त्यालाच पुरते कळते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषयच नव्हे. त्यांनी कविता-कादंबरी पाहावी. आमचे उत्तर असे की साहित्याचे अध्यापक 'व्यावहारिक मराठी' शिकवतात, आणि त्यात अर्जलेखन, अहवाललेखन, जाहिरातलेखन मोठ्या आस्थेने शिकवले जाते. वस्तू विकण्याची भाषा आपण शिकवतो, मग वस्तू सांभाळण्याची का नको? दुसरा आक्षेप असा की आता भ्रमणध्वनीवर चित्रफिती आहेत, त्यात सगळे दिसते. गद्य कोण वाचणार? चित्रफितीत हात कसा दाबायचा हे दिसते हे खरेच, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती फारच उपयोगी आहे. परंतु का दाबायचा आणि का चोळायचे नाही, हे सांगायला तेथेही वाक्यच लागते. आणि ते वाक्य कोणीतरी आधी मराठीत रचलेले असावे लागते. नाही तर 'जेंटली स्क्वीज करा, रब नका करू' एवढ्यावर काम भागते, आणि चुबकणे, निथळणे ही क्रियापदे आणखी एका पिढीने गमावलेली असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण भाषेचे मोठेपण केवळ तिच्या वयाने सिद्ध होत नाही. रोजच्या कामाचे ज्ञान ती किती नेमकेपणाने एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचवते, हीही तिची एक कसोटी आहे, आणि ती कसोटी भूतकाळात देऊन संपलेली नसते.

म्हणून एक छोटा प्रस्ताव मांडतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना व्यावहारिक मराठीच्या तासाला एक काम द्यावे: घरातील कोणतीही एक वस्तू निवडा आणि तिची निगा कशी राखावी हे तीनशे शब्दांत लिहा. लोकरी मोजा, रेशमी साडी, पितळी समई, बिडाचा तवा, काहीही. मात्र तीन अटी असाव्यात. ज्या व्यक्तीच्या हाती ते काम आहे तिच्याशी बोलून लिहावे. प्रत्येक सूचनेचे कारण द्यावे. आणि लिहून झाल्यावर तो मजकूर त्याच व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा. ती जेथे अडेल किंवा हसेल तेथे वाक्य बदलावे. या तिसऱ्या अटीत विद्यार्थ्याला जे शिकायला मिळेल ते गद्यलेखनावरील पुष्कळ व्याख्यानांतून मिळणार नाही. त्याच्या आजीला, आईला किंवा धुणे धुणाऱ्या मावशींना शब्द अधिक येतात आणि त्याला वाक्य अधिक येते, हे त्याच्या ध्यानात येईल. दोघांनी मिळून लिहिले तरच तो मजकूर पुरा होतो.

असे पन्नास मजकूर एखाद्या महाविद्यालयाच्या नियतकालिकात आले, तर आम्हाला ते पन्नास नवकवितांइतकेच स्वागतार्ह वाटतील. आणि त्यातला लोकरी मोज्यांवरचा मजकूर कोणी कापून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला, तर पुढच्या हिवाळ्यात निदान त्या घरात मोजा आखडल्याचा बोल धुणाऱ्या बाईंना लागणार नाही.